माझेच मॅग्नेटो मलाच विकले

चावी स्टार्टवर धरली की विमानाचा पंखा जोरात फिरायचा, पण इंजिन काही पकडायचं नाही. वैतागून चावी सोडली की नेमकं त्याच क्षणी फट् करायचं, आणि नशीब असेल तर चालू व्हायचं. माझ्या दोन आसनी विमानाचं हे नाटक वार्षिक तपासणीनंतर सुरू झालं, आणि त्याच तपासणीत इग्निशन स्विच बदललेला. या दोन गोष्टींची सांगड तेव्हा घातली असती तर हे लिहायची वेळ आली नसती.

ज्यानं स्विच बदलला त्याच मेकॅनिकला बोलावलं. त्यानं काऊलिंग, म्हणजे इंजिनवरचं झाकण, उघडलं, प्लगच्या वायरी जराशा हलवल्या आणि निदान करून टाकलं, "दोन्ही मॅग्नेटो गेले. कॉइल तापल्या की मार खातात." इंजिन थंडगार असतानाच सुरू होत नव्हतं, तर तापण्याचा प्रश्न येतो कुठे? पण तो समोर हात पुसत उभा होता आणि मला ते सुचलं नाही. बरं, मॅग्नेटो म्हणजे प्लगना ठिणगी पुरवणारं यंत्र, आणि ते दोन असतात ते दोन्ही एकदम जाऊ नयेत म्हणूनच. शिवाय एकदा चालू झालं की इंजिन लोण्यासारखं चालायचं. माझ्या लायकमिंग इंजिनला मॅग चेकमध्ये, म्हणजे एकेका मॅग्नेटोवर इंजिन चालवून बघताना, आरपीएमची घट १७५च्या आत आणि दोन्हींतला फरक ५०च्या आत चालतो. माझे आकडे त्याच्या बरेच खाली होते. मेलेले मॅग्नेटो असे आकडे देत नाहीत.

ओव्हरहॉल केलेली, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्त केलेली, जोडी एक्सचेंजमध्ये मिळेल, जुने जमा करावे लागतील, असं तो म्हणाला. दोन आठवड्यांनी राखाडी रंगातले चकचकीत मॅग्नेटो बसले. पहिल्या फेऱ्यालाच इंजिन सुरू! मी त्याचे आभारसुद्धा मानले. बिल एवढं होतं की त्यात वर्षभराचं एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, आलं असतं.

पुढे नियमित तपासणीसाठी दुसऱ्या माणसानं तेच मॅग्नेटो उघडले. आतले पॉइंट खड्डे पडलेले, कार्बन ब्रश झिजून बुटका, सीलवर जुनं तेल. "हे ओव्हरहॉल कुणी केलं?" असं त्यानं हसून विचारलं आणि चिंधीला थिनर लावून नावाच्या पट्टीवरचा रंग पुसला. खालून निघालेला सिरियल नंबर मी इंजिनच्या लॉगबुकशी ताडून पाहिला. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या नोंदीतला, माझ्याच विमानाचा! दुसऱ्याचाही तोच प्रकार. आणि ताज्या नोंदीत नुसतंच 'ओव्हरहॉल्ड मॅग्नेटो बसवले'. नंबर नाही, भाग वापरायला योग्य असल्याचा दाखला नाही: अमेरिकेच्या एफएएचा फॉर्म ८१३०-३ नाही, युरोपच्या ईएएसएचा फॉर्म १ नाही. काहीच नाही.

मग मूळ दुखणं काय होतं? ते फोनमधल्या एका जुन्या फोटोत सापडलं. इंजिन अडून बसलं होतं तेव्हा मित्राला दाखवायला काढलेला. त्यात 'आर' (राइट, म्हणजे उजवा) लिहिलेल्या बाहीची, म्हणजे खुणेच्या नळीची, वायर डाव्या मॅग्नेटोवर दिसते.

ही वायर म्हणजे पी-लीड. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, तो स्वतःच ठिणगी बनवतो. स्विच फक्त पी-लीडला अर्थिंग देऊन, म्हणजे इंजिनच्या बॉडीला जोडून, त्याला गप्प करतो. माझ्या इंजिनात इम्पल्स कपलिंग नावाचा जोड एकट्या डाव्याला आहे. पंखा हळू फिरत असताना हे कपलिंग स्प्रिंगनं झटका देऊन जोरकस ठिणगी पाडतं, तीही उशिरा, पिस्टन जवळजवळ वर पोचल्यावर. उजव्याची ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या २० ते २५ अंश आधी पडते आणि स्टार्टरच्या वेगाला ती मरतुकडीच असते. म्हणून स्टार्टवर स्विचमागची जंपर पट्टी उजव्याला अर्थिंग देऊन बंद ठेवते. वायरी उलट्या लागल्या की बंद पडतो तो डावा! चावी सोडली की दोन्ही मोकळे होतात आणि फिरत्या पंख्यावर इंजिन पकडतं. मॅग चेकला हे कळतच नाही, कारण तिथे फक्त डाव्या-उजव्याची नावं बदलतात. इंजिनासमोर उभं राहिलं की डावं-उजवं उलटं दिसतं हाही एक सापळाच. ते वैमानिकाच्या आसनावरून मोजायचं असतं.

हे सगळं मल्टिमीटरनं दहा मिनिटांत कळलं असतं. पी-लीड मॅग्नेटोपासून सोडवून वायर आणि इंजिनची बॉडी यांच्यात मोजायचं: चावी ऑफवर असताना दोन्ही वायरी अर्थला, बोथवर (दोन्ही मॅग्नेटो चालू) दोन्ही मोकळ्या, स्टार्टवर (स्टार्टरची वायर आधी काढून) डावी मोकळी आणि उजवी अर्थला. मात्र पी-लीड सुटली की मॅग्नेटो जिवंत असतो, स्विच ऑफ असला तरी. पंखा हातानं हलला तरी इंजिन अचानक सुरू होऊ शकतं. प्रत्येक सिलिंडरचा एकेक प्लग काढल्याशिवाय पंख्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका, आणि काम परवानाधारक माणसाकडूनच करवून घ्या. फक्त तो मीटर लावतो का, ते शेजारी उभं राहून बघा.

त्यानं वायरी मुद्दाम उलट्या लावल्या असं मला वाटत नाही. स्विच बसवताना चुकला असेल. पण फोटोतली बाही मला आज दिसते, ती त्याला काऊलिंग उघडल्या उघडल्या दिसली असणार. वायरी अदलाबदल करायच्या, आपली चूक कबूल करायची आणि निघून जायचं, एवढंच काम होतं. त्यानं त्याचा रंगारी धंदा केला, आणि रंगवलेले मॅग्नेटो बसवताना वायरी गुपचूप सरळ केल्या असणार. आता भाग देणाऱ्याकडून मी कागद आधी घेतो, सिरियल नंबर स्वतः लॉगबुकात लिहून घेतो आणि एक्सचेंजला जाणाऱ्या जुन्या भागाच्या पट्टीचा फोटो काढून ठेवतो.

मी त्याला फोन केला होता. नंबर वाचून दाखवले. जरा थांबून म्हणाला, "गडबडीत तुमचेच परत बसले असतील, साहेब." मग ओव्हरहॉल केलेले जे आले होते ते कुठे आहेत, एवढंच मी विचारलं. फोन कट झाला.