डबीतली बर्लिनची भिंत: घेण्याआधी भिंग काढा

बर्लिनमधल्या बहुतेक स्मरणवस्तूंच्या दुकानांत गल्ल्याजवळ ही डबी मांडलेली असते. पारदर्शक प्लास्टिकची कुपी, आत नखाएवढा नाहीतर अंगठ्याएवढा काँक्रीटचा कपचा, त्याच्या एका अंगाला निळा-गुलाबी रंग. मागे ब्रांडेनबुर्ग गेटचं किंवा चेकपॉइंट चार्ली या जुन्या सीमाचौकीचं चित्र आणि खाली ठळक आकड्यांत ‘१९८९’. लहान तुकडा चिकटवलेलं पोस्टकार्ड पाच-दहा युरोंच्या घरात मिळतं. तळहाताएवढा तुकडा हवा असेल तर किंमत कित्येक पटींनी वाढते, आणि भिंतीचा अख्खा उभा खंड हवा असेल तर हिशेब हजारो युरोंत जातो.

काँक्रीट बहुधा खरं असतं. रंग बऱ्याचदा नंतर मारलेला असतो. सोबतच्या प्रमाणपत्राला कागदाइतकीच किंमत. आणि डबीवरचं साल तर सरळसरळ चुकीचं म्हणावं लागेल, तेव्हा आधी त्याचंच पाहू.

९ नोव्हेंबर १९८९ रोजी भिंत पडली असं आपण सर्रास म्हणतो. त्या रात्री पडलं काहीच नाही, फाटकं उघडली. संध्याकाळच्या पत्रकार परिषदेत पूर्व जर्मनीतल्या सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते ग्युंटर शाबोव्स्की यांनी प्रवासाचे नवे नियम वाचून दाखवले. ते कधीपासून लागू, असं कुणीतरी विचारलं तेव्हा हातातले कागद चाळत ते म्हणाले, ताबडतोब, विनाविलंब. पूर्व बर्लिनकर चौक्यांवर लोटले आणि रात्री साडेअकराच्या सुमारास बॉर्नहोल्मर श्ट्रासेच्या चौकीवरच्या अधिकाऱ्याने वरून स्पष्ट हुकूम नसताना अडसर काढला. भिंत मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीही जागच्या जागी होती. छिन्नी-हातोडी घेऊन लोक तिच्यावर तुटून पडले ते त्यानंतरच्या दिवसांत आणि आठवड्यांत. सरकारी पाडकाम बर्नाउअर श्ट्रासेवर सुरू झालं १३ जून १९९० रोजी. क्रेन लावून खंड उपसले, बराचसा माल भरडून रस्त्यांच्या भरावात गेला. रंगीत, देखणे खंड त्याआधीच विक्रीसाठी बाजूला काढले होते. जून १९९० मध्येच मोंटे कार्लोला त्यांचा लिलावही झाला. आज दुकानांत दिसणारा माल मुख्यतः अशा खंडांचा, म्हणजे व्यापाऱ्यांनी अख्खे विकत घेऊन सावकाश फोडलेल्यांचा. जमावाने त्या थंडीत हाताने खरवडून काढलेले तुकडे वेगळे, आणि ते बहुतेक लोकांच्या कपाटांत आहेत.

हा फरक तुकड्याच्या आकारातही दिसतो. भिंतीचं काँक्रीट कारखान्यात ओतलेलं, घट्ट आणि आत सळ्या घातलेलं होतं. साध्या हातोडीने त्याचे गड्डे निघत नाहीत, पापुद्रे निघतात. हाताने काढलेला तुकडा सहसा पातळ, कडेला धारदार, रंगाच्या बाजूला सपाट आणि मागे उथळ खोलगट किंवा फुगीर असतो. मुठीएवढा जाडजूड, चौकोनी गड्डा दिसला तर तो यंत्राने फोडलेला समजावा. त्यात सळीची लांबट खाच दिसत असेल तर शंकाच नको. असा गड्डा खोटा नसतो, पण ‘त्या रात्री फोडलेला’ म्हणून त्याचे जादा पैसे मोजू नयेत.

आता खुद्द मालाबद्दल. भिंतीची पहिली तार ओढली गेली १३ ऑगस्ट १९६१ रोजी, पण आज तुकडे मिळतात ते चौथ्या पिढीच्या भिंतीचे. ती १९७५नंतर उभी राहिली. तिचा एक खंड ३.६ मीटर उंच, १.२ मीटर रुंद, वरच्या भागात सुमारे १५ सेंटिमीटर जाड आणि अडीच टनांहून जड. तळाला पाय काढलेला, त्यामुळे बाजूने पाहिलं तर रोमन एल अक्षर. यूएल १२.११ या नावाचा हा खंड मुळात सीमेसाठी बनवलेला नव्हता. शेतीत मुरघास साठवण्यासाठी कडेच्या भिंती लागत, त्यासाठीचा तो तयार साचा. म्हणजे तसंच काँक्रीट पूर्व जर्मनीतल्या शेतांवरही उभं होतं. रंग नसलेला राखाडी तुकडा बर्लिनचा की एखाद्या सहकारी शेतीवरचा, हे नुसत्या काँक्रीटवरून ठरवता येत नाही. बिनरंगी तुकडा ‘जास्त अस्सल’ म्हणून विकणाऱ्यांना हे विचारून बघावं.

तरी काँक्रीट बघून ढोबळ बनावट पकडता येते. ताज्या फुटीच्या बाजूला भिंग लावा. दहापट मोठं दाखवणारं, दागिन्यांचे कारागीर वापरतात तसलं पुरतं. उत्तर जर्मनीच्या सपाट मुलखात हिमनद्यांनी आणून टाकलेली खडी गोल, गुळगुळीत आणि नाना रंगांची असते. राखाडी सिमेंटमध्ये पांढरट गारगोटी, तांबूस ग्रॅनाइट, क्वचित काळपट चकमक असे गोटे दिसले तर चित्र जुळतं. खडी एकाच रंगाची, यंत्राने फोडलेली आणि टोकदार असेल, किंवा तुकड्यात खडीच नसून नुसतं बारीक वाळूचं मसाल्यासारखं काही असेल, तर ते प्लास्टर आहे. प्लास्टर नखाने खरवडलं तरी भुकटी देतं, भिंतीचं काँक्रीट देत नाही.

ग्राहक पैसे देतो रंगाचे, आणि खरी गोम तिथेच आहे. पश्चिमेकडच्या अंगावर वर्षानुवर्षं लोक रंगवत होते. भिंत पूर्व जर्मनीच्या हद्दीत थोडी आत बांधलेली असल्यामुळे रंगवणारा कायद्याने परक्या भूमीवर उभा असे, पण म्हणून कुणी थांबलं नाही. थिएरी न्वार या फ्रेंच चित्रकाराने १९८४मध्ये सुरुवात केली. अमेरिकन चित्रकार कीथ हेरिंगने १९८६च्या ऑक्टोबरात चेकपॉइंट चार्लीजवळ लांबलचक पिवळा पट्टा रंगवून त्यावर लाल-काळ्या माणसांची साखळी काढली, आणि लगोलग त्यावर दुसऱ्यांनी हात मारले. एकावर एक थर चढण्याची हीच रीत होती. जुना अस्सल रंगाचा तुकडा बाजूने पाहिला की थर मोजता येतात. खाली पांढरा किंवा राखाडी हात, वर लाल, मग काळा, मग आणखी काही. वरचा थर उन्हाने फिका आणि भेगाळलेला, एखाद्या ठिकाणी उडून खालचा डोकावणारा.

नंतर रंगवलेला तुकडा याच्या अगदी उलट. थर एकच, तोही भडक. मुख्य खूण कडेला सापडते. रंग सपाट पृष्ठभागावरून घसरून फुटीच्या बाजूवर उतरलेला असेल, खोलगट जागांत साचलेला असेल, किंवा फवाऱ्याचे बारीक ठिपके फुटलेल्या गोट्यावर पडलेले असतील, तर रंग तुकडा फुटल्यानंतर मारलेला आहे. दुसरा काही अर्थच निघत नाही. व्यापारातली मंडळीही हे फारसं लपवत नाहीत. राखाडी माल खपत नाही, म्हणून त्याला रंग द्यावा लागतो, असं त्यांचं सरळ म्हणणं. खुद्द १९८९-९०च्या थंडीतही काही जण आधी भिंतीवर स्प्रे मारत आणि मग तोच भाग फोडून पर्यटकांना विकत. तेव्हा रंग कडेवर उतरलेला नाही, एवढ्यावरून तो जुना ठरत नाही. थर मात्र सहसा खोटे करता येत नाहीत. एवढे कष्ट पाच युरोंसाठी कोण घेईल?

दोन पक्क्या बनावटी ओळखायला भिंगही लागत नाही. दोन-तीन सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याला समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना ग्राफिटी असेल तर तो खोटा. भिंत १५ सेंटिमीटर जाड होती आणि पूर्वेकडच्या अंगाला पहारेकऱ्यांची पट्टी असल्यामुळे तिथे सीमा उघडेपर्यंत रंगवायला कुणी फिरकणं शक्यच नव्हतं. आणि ‘ईस्ट साइड गॅलरीचा मूळ तुकडा’ असं लिहिलेला माल हाती घेऊच नये. म्यूलेनश्ट्रासेवरची ती १३१६ मीटरची भिंत चित्रकारांनी रंगवली १९९०मध्ये, ती संरक्षित स्मारक आहे आणि तिचा कपचा काढणं गुन्हा आहे. तुकडा खोटा असेल तर पैसे गेले, खरा असेल तर चोरीचा माल घरात आला.

तिसरी सूचना तब्येतीची. भिंतीच्या माथ्यावर, चढणाऱ्याला पकड मिळू नये म्हणून, जाड गोल नळी बसवलेली असे. या नळ्या ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या होत्या, आणि ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासातून आत जाणं घातक असतं. वक्राकार, पातळ, फुटलेल्या कडेला बारीक तंतू दिसणारा राखाडी तुकडा कुणी ‘दुर्मीळ, भिंतीच्या माथ्यावरचा’ म्हणून पुढे केला तर नको म्हणा. आधीच घरात असेल तर घासू नका, कापू नका, जाड पिशवीत बंद करा आणि घातक कचऱ्याच्या सोयीतून द्या.

प्रमाणपत्रावर शिक्का असतो, सही असते, कधी होलोग्रामही असतो. पण लहान तुकड्यांची नोंद ठेवणारी किंवा त्यांना अस्सलपणाचा दाखला देणारी कुठलीही अधिकृत यंत्रणा नाही. विकणाराच स्वतःला दाखला देतो. अख्ख्या खंडांची गोष्ट निराळी. पूर्व जर्मनीच्या सरकारी निर्यात कंपनीमार्फत १९९०मध्ये विकल्या गेलेल्या खंडांची कागदपत्रं असतात आणि कोणता खंड कुठे उभा आहे हेही बऱ्यापैकी माहीत आहे. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आवारात आहे, व्हॅटिकनच्या बागेत आहे, आणि लास वेगासच्या एका कसिनोत पुरुषांच्या मुतारीत आहे, त्यावर भांडी बसवलेली. भिंतीबद्दल बोललेल्या सगळ्या भाषणांपेक्षा हे शेवटचं ठिकाण मला जास्त पटतं.

पॅकिंग हा या मालाचा सगळ्यात कमकुवत भाग. कुपीत तुकडा बहुधा गरम गोंदाने चिकटवतात. काँक्रीटच्या पृष्ठभागावर सिमेंटची धूळ असते, गोंद त्या धुळीला धरतो, दगडाला नाही. बंद गाडीत तापलं किंवा पिशवीत आपटलं की तुकडा सुटतो, आत खुळखुळत राहतो आणि महत्त्वाची बाजू, म्हणजे रंग, घासून उडतो. घेताना कुपी हलवून बघावी. तळाशी रंगीत चुरा जमलेला असेल तर दुसरी उचलावी. कुपीवालं पोस्टकार्ड तिकीट लावून उघडं टपालात टाकू नये, छाननीच्या यंत्रात कुपीचा चेंदा होतो. जाड पुठ्ठ्याच्या पाकिटात घालून, पार्सल म्हणून पाठवावं.

घरी ठेवायचा तर धुवू नका. लिंबू किंवा व्हिनेगर तर लांबच ठेवा, आम्लाने सिमेंट विरघळतं. कोरडा मऊ ब्रश पुरे. रंग सुटतोय म्हणून नेलपॉलिश किंवा ॲसिटोनमधलं कुठलंही द्रावण लावू नये, स्प्रेचा रंग त्यात मऊ पडून पसरतो. पांढरी पूड वर आली तर ते ओलाव्याने बाहेर पडलेले क्षार आहेत, ती कोरडीच झटकावी आणि तुकडा कोरड्या जागी हलवावा. सळीचा अंश असेल तर दमट हवेत गंज फुगतो आणि तुकडा आतून फुटतो. असा तुकडा सिलिका जेलची पुडी टाकून बंद डबीत ठेवणं बरं.

त्याच सालाच्या नावाने आणखी दोन वस्तू विकल्या जातात. एक, हंगेरी-ऑस्ट्रिया सीमेवरची काटेरी तार. हंगेरीने कुंपण काढायला २ मे १९८९ रोजी सुरुवात केली. यंत्रणा गंजली होती आणि नवी तार पश्चिमेकडून विकत आणायला पैसे नव्हते. २७ जूनला दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी छायाचित्रकारांसमोर तार कापली, आणि ११ सप्टेंबरला हंगेरीने पूर्व जर्मनांना ऑस्ट्रियाकडे जाऊ दिलं. बर्लिनच्या फाटकांचा रस्ता इथूनच मोकळा झाला, म्हणून इतिहासाच्या दृष्टीने ही तार भिंतीइतकीच मोलाची. पण खरेदीच्या दृष्टीने अवघड. जुनी तार कुठल्याही शेताच्या बांधावर मिळते, आणि ती ओळखायला काँक्रीटसारखे थर किंवा खडी नाही. कुठून आली याची साखळी माहीत नसेल तर घेऊ नये.

दुसरी, मधोमध भोक असलेला रोमानियाचा झेंडा. डिसेंबर १९८९च्या उठावात लोकांनी झेंड्यातलं कम्युनिस्ट राजचिन्ह कापून काढलं होतं. कात्री आणि जुना झेंडा एवढ्यावर हा माल तयार होतो. पैसे वाचवा.

तेव्हा घ्यायचा असेल तर भिंतीचाच घ्या, आणि सुटा घ्या. बंद कुपीत कड दिसत नाही, मागची फूट दिसत नाही, म्हणजे तपासण्यासारखं सगळंच झाकलेलं. पातळ पापुद्रा, निदान दोन-तीन थर, फुटीची बाजू बिनरंगी, खडी गोल. या चार गोष्टी जुळल्या तर लहान तुकड्याला दहा युरो ठीक आहेत. रंग नवा आहे पण काँक्रीट पटतंय, अशा तुकड्याला त्याच्या निम्मे पुरेत. विकणाऱ्याने भिंग लावू दिलं नाही तर पुढचं दुकान गाठा.