बंद गटार की झाडांची चर?

रस्ता नव्याने होणार म्हटल्यावर गल्लीत दोन तट पडलेत. एकाला काँक्रीटचं झाकलेलं गटार हवंय, दुसऱ्याला रस्त्याकडेला पाणी मुरवणारी चर: वर कर्दळ, वाळा, खाली वाळूमिश्रित माती आणि खडी.

खर्च दोन्हीकडे आहेच. गटाराचा एकदम, चरीचा दरवर्षी थोडा.

खरा प्रश्न मातीचा. बेळगावात टिळकवाडीकडच्या तांबड्या जांभ्या मातीत पाणी झटकन मुरतं. शहापूर-वडगावच्या काळ्या मातीत ते साचून राहतं. तिथं खडीत भोकांचा पाइप टाकून जादा पाणी बाहेर काढावंच लागतं. चर दोन दिवसांत कोरडी झाली पाहिजे, म्हणजे डासांच्या अळ्यांना वाढायला वेळच मिळत नाही.

गटार पाणी लगेच पळवतं, पण पुढच्याच्या दारात. बळ्ळारी नाल्याकाठचे शेतकरी सांगतील. शिवाय फरशी उचलून गाळ काढायला कोण येतो? चरीचा कचरा निदान डोळ्यांना दिसतो. मृगाआधी तो काढायला मात्र हवा.

अरुंद बाजारपेठेत, दुकानांसमोर गटारच बरं. रुंद रस्ता, तांबडी माती आणि झाडं जपणारी चार घरं असतील तर चर घ्या. मुसळधार पावसासाठी तिची जादा तोंडं गटाराला जोडा. सांडपाणी चरीत सोडणारी गल्ली असेल, तर नादच सोडा.