सिव्हिल, खासगी दवाखाना की फोन? आईच्या उपचारांसाठी आम्ही काय निवडलं

घरातल्या कुणाला तरी मनाच्या डॉक्टरांना दाखवायचं हे ठरलंय, पण कुठे ते ठरत नाही, अशांसाठी हे लिहितोय. आईला विचारूनच लिहितोय. बाबा गेल्यावर ती हळूहळू बोलेनाशी झाली. पहाटे तीनला जाग यायची, ताटातलं तसंच राहायचं, पुढे देवपूजाही सुटली. आत्याला 'बाहेरचं काहीतरी' वाटत होतं. डिप्रेशन हा शब्द घरात पहिल्यांदा माझ्या बायकोने उच्चारला, तोवर चार महिने गेले होते.

सुरुवात फोनने केली. १४४१६ म्हणजे टेली-मानस, केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली सेवा. चोवीस तास, मोफत, मराठीत. आई काही बोलली नसती, म्हणून रात्री अकराला गच्चीवर जाऊन मीच फोन लावला. पलीकडच्या ताईंनी आईबद्दल सगळं ऐकून घेतलं आणि मग माझ्या झोपेची चौकशी केली. पहिलं पाऊल म्हणून मी हेच सुचवेन. कुणी जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करत असेल तर ही सगळी तुलना बाजूला ठेवा. त्या माणसाला एकटं सोडू नका, लगेच हा नंबर लावा किंवा थेट दवाखान्यात न्या. पण आईसारखं महिनोन् महिने औषध चालणार असेल, तर डॉक्टरांनी समोर बसवून चेहरा बघावा असं मला वाटत होतं. ते फोनवर भागत नाही.

मग खासगी दवाखाना. आमच्या गावात मनोविकारतज्ज्ञांची पाटी ऐन बाजारपेठेत आहे, तो जिना आई चढेना. म्हणून शेजारच्या जिल्ह्यातले डॉक्टर गाठले. माणूस खरंच चांगला. पहिल्या भेटीला पाऊण तास दिला, पुढे वेळ ठरवून जायचो, दरवेळी तेच डॉक्टर. फी, गोळ्या आणि गाडीभाडं मिळून महिन्याला अडीच-तीन हजार जायचे. ओढाताण व्हायची, पण जमत होतं.

जमेना ते खोटं बोलणं. दर महिन्याला पहाटे एवढ्या लांब कुठे निघता, म्हणून शेजारच्या काकूंनी विचारलं आणि आई 'गुडघ्याला दाखवायला' म्हणून गेली. काकूंना काळजी वाटली, त्यांनी महानारायण तेलाची बाटली आणून दिली. तेव्हापासून जिन्यात काकू दिसल्या की आई पाय ओढत चालायची. तिचा पाय ठणठणीत होता. मागून पिशवी घेऊन उतरताना ते बघून माझ्या पोटात तुटायचं. या औषधांचा गुण यायलाच दोन-चार आठवडे लागतात, आणि बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने ती बंद करायची नसतात. म्हणजे गुडघा वर्षभर दुखता ठेवायचा. माझ्याकडे काही मोजमाप नाही, पण दवाखान्याच्या आदल्या रात्री तिला हमखास झोप लागायची नाही.

म्हणून सिव्हिल. आईची भीती एकच होती: सरकारी केसपेपर निघाला की येरवड्याला पाठवतील. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही चार मनोरुग्णालयांची गावं, त्यातली दोन तर आपण भांडणात शिवीसारखी वापरतो, मग तिचं तरी काय चुकलं? प्रत्यक्षात ओपीडीत दाखवून, गोळ्या घेऊन माणूस दुपारी घरी येतो. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेच घातलंय.

तिथे त्रास आहेतच. दोन-दोन तास रांग, डॉक्टरांकडे वेळ कमी. एकदा डॉक्टर बदलले आणि सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. तेव्हापासून जुने कागद एका फाइलीत नेतो. कधी एखादी गोळी बाहेरून घ्यावी लागते. मानसोपचाराची ओपीडी रोज असेलच असं नाही, वार विचारून जा. पण 'सिव्हिलला जाऊन येते' एवढं म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. डोळे, दात, बीपी, अर्धा तालुका तिथेच जातो. आणि ते वाक्य खरं असतं.

तिसऱ्या वेळी बाकावर मंडईतल्या मावशी भेटल्या, आम्ही वर्षानुवर्षं मेथी घेतो त्या. मुलाला घेऊन आल्या होत्या. आईने त्यांना आपणहून सांगितलं, "हे गेल्यापासून झोपच नाही हो." बाहेरच्या माणसाशी ती हे पहिल्यांदा बोलत होती.

प्रत्येकाला हेच लागू पडेल असं नाही. निवांत बोलून घेणाऱ्या समुपदेशनाची गरज असेल किंवा रजा मिळत नसेल, तर खासगी बरं. ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून हे काम करते. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणारा आजार, असेल तर पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे स्वमदत गट आहेत. आमच्यासारखं तालुक्याचं गाव आणि आईसारखं माणूस असेल, तर मात्र आधी सिव्हिल बघा म्हणेन.

गेल्या दिवाळीत फराळाचं ताट द्यायला गेली तेव्हा आईने काकूंना गुडघ्याचं खरं काय ते सांगितलं. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "तुमचा वार कुठला असतो?" त्यांच्या धाकट्या जाऊबाईंचं दोन वर्षं काही ठीक नव्हतं. आता मंगळवारी तिघी मिळून जातात. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहेच.