गोटू माउंट: दोन वर्षं वापरल्यानंतर

हा विषुववृत्तीय गोटू माउंट, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षावर फिरणारा आणि सांगितलेल्या ताऱ्याकडे दुर्बीण मोटरने आपोआप वळवणारा आधार, घेतला त्याच महिन्यात मी तो परत करायच्या विचारात होते. आज आकाश स्वच्छ असेल त्या प्रत्येक रात्री तो बाहेर असतो. मधल्या काळात नेमकं काय बिघडत होतं आणि त्यात माउंटचा दोष किती, हे लिहायचं आहे.

सुरुवात हँड कंट्रोलरपासून, म्हणजे बटणं आणि छोटा पडदा असलेल्या हातातल्या रिमोटपासून, कारण माझी सगळ्यात मोठी तक्रार त्याच्याबद्दलच आहे. तो तारीख मागतो ती आधी महिना, मग दिवस अशी. 3 एप्रिलच्या रात्री मी सवयीप्रमाणे 03/04 टाकलं. माउंटने ते 4 मार्च धरलं. माउंटला आकाशाची ओळख करून द्यायला ठळक तारे दाखवावे लागतात, यालाच अलाइनमेंट म्हणतात. पहिला तारा म्हणून मघा निवडला. दुर्बीण फिरली, फाइंडरमध्ये, म्हणजे मुख्य दुर्बिणीवरच्या छोट्या दुर्बिणीत, एक ठळक तारा दिसला, तो मी मधोमध आणला आणि एंटर दाबलं. दुसऱ्या ताऱ्यावर जायला सांगितलं तर दुर्बीण भलतीकडेच, आणि पडद्यावर अलाइनमेंट फेल. त्या रात्री तीनदा हेच. शेवटी कागदावर हिशोब मांडला. तीस दिवसांचा फरक म्हणजे नाक्षत्र वेळेत, म्हणजे ताऱ्यांच्या फिरण्यावरून मोजलेल्या वेळेत, जवळपास दोन तास, म्हणजे आकाशात तीस अंश. मघापासून पूर्वेला तीस अंश गेलं की आपण उत्तरा फाल्गुनीच्या शेजारी पोचतो. मी मघा समजून उत्तरा फाल्गुनी मधोमध आणत होते!

तारीख टाकल्यावर महिन्याचं नाव अक्षरांत दाखवलं असतं तर हे घडलंच नसतं. उन्हाळी वेळेच्या (काही देशांत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात ती) प्रश्नाचंही तसंच आहे. तिथे चुकून हो म्हटलं की एक तास, म्हणजे पंधरा अंश गेले. रेखांशापुढे पूर्व की पश्चिम हेही दर वेळी तपासते. मेनूतली नावं पाश्चात्त्य असल्यामुळे कंट्रोलरच्या पाठीवर मी एक चिठ्ठी चिकटवली आहे: आर्क्टुरस स्वाती, स्पायका चित्रा, कपेला ब्रह्महृदय, प्रोसियॉन प्रश्वा. अंधारात थंडीने बोटं आखडलेली असताना ही चिठ्ठी फार उपयोगी पडते.

माहितीपुस्तिकेत ध्रुवीय अलाइनमेंटला, म्हणजे माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखण्याला, जेमतेम अर्धं पान दिलंय, आणि तेही दिशाभूल करणारं. 'ध्रुवतारा मध्यभागी आणा' असं त्यात लिहिलंय. पण ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सुमारे दोन तृतीयांश अंश दूर आहे, पूर्ण चंद्राच्या रुंदीपेक्षाही जास्त. नुसतं डोळ्यांनी बघायचं असेल तर चालून जातं, फोटोत मात्र तारे लांबट येतात. ध्रुवदर्शीतल्या (माउंटच्या अक्षात बसवलेल्या छोट्या दुर्बिणीतल्या) वर्तुळावर ध्रुवतारा त्या वेळेच्या योग्य जागी ठेवला तेव्हा माझा निम्मा त्रास संपला.

उरलेला निम्मा कुठून येतोय हे तारा कसा सरकतो त्यावरून कळायला लागलं, आणि मला या सगळ्यात जास्त आवडलेला भाग हाच. रेघांच्या आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) तारा धरायचा, बटणांना हात लावायचा नाही, दहा मिनिटं नुसतं बघत बसायचं. तारा उत्तर-दक्षिण असा संथ, एकाच दिशेने सरकत असेल तर ध्रुवीय अलाइनमेंट चुकलंय. याम्योत्तर वृत्ताजवळच्या (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळच्या) ताऱ्यात असं दिसलं तर चूक दिगंशात, म्हणजे माउंटच्या डाव्या-उजव्या दिशेत, पूर्व क्षितिजाजवळच्या ताऱ्यात दिसलं तर उंचीत. पूर्व-पश्चिम जाऊन परत येत असेल तर तो वर्म गियर, म्हणजे दातेरी चाक फिरवणाऱ्या मळसूत्री दांड्याचा दोष. माझ्या माउंटच्या गियरला 180 दाते आहेत. 86,164 सेकंदांच्या नाक्षत्र दिवसाला 180 ने भागलं की सुमारे 479 सेकंद येतात, आणि माझा तारा बरोबर आठ मिनिटांनी जागेवर यायचा. हा दोष या किमतीच्या गियरमध्ये असतोच, त्याबद्दल मी गुण कापणार नाही. तारा मध्येच झटक्याने उडत असेल तर क्लच सैल आहे, तोल बिघडलाय किंवा कुठली तरी केबल ताणली जातेय. आणि सगळेच तारे सारखे पश्चिमेकडून निसटत असतील तर आधी ट्रॅकिंगचा वेग बघा. माझा एकदा आदल्या रात्रीचा चंद्राचा वेग तसाच राहिला होता. चंद्र ताऱ्यांमधून तासाला साधारण अर्धा अंश पूर्वेकडे सरकतो, तेवढाच फरक पडत होता.

खरा कारखान्यातला दोष निघाला तो डेकच्या (डेक्लिनेशन, म्हणजे दुर्बीण उत्तर-दक्षिण फिरवणाऱ्या) अक्षात. वरचं बटण दाबावं तर तारा जागचा हलायचा नाही. मोटरचा आवाज येतोय, मी मनात पाच आकडे मोजतेय, आणि मग तारा अचानक उडी मारून रेघेच्या पलीकडे. वीज बंद करून क्लच आवळला, वजनाचा दांडा दोन बोटांनी हलवून बघितला, तर आत टक्-टक् जाणवत होतं. वर्म आणि चाक यांच्यात फट होती. ती कमी करणारे दोन छोटे स्क्रू अ‍ॅलन कीने एका वेळी अष्टमांश फेरा, त्याहून जास्त नाही, असे फिरवत गेले. पहिल्यांदा जास्त घट्ट झालं तेव्हा मोटर कण्हायला लागली, मग जरासं सैल केलं. नवीन वस्तूवर हे काम गिऱ्हाइकाला करावं लागणं मला मान्य नाही. उरलेल्या फटीवर उपाय सोपा आहे: अलाइनमेंटच्या प्रत्येक ताऱ्यावर शेवटचा दाब दर वेळी त्याच दोन बटणांचा (प्रत्येक अक्षाचं एक) ठेवायचा, आणि आरएचा (पूर्व-पश्चिम फिरणाऱ्या अक्षाचा) तोल पूर्वेकडे किंचित जड ठेवायचा, म्हणजे दाते एकमेकांना टेकून राहतात.

वीजपुरवठ्याबद्दल थोडक्यात: सोबत आलेला पेन्सिल सेलचा डबा वापरूच नका. दोन्ही मोटर एकदम फिरल्या की व्होल्टेज पडतं, कंट्रोलर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि केलेलं अलाइनमेंट पुसलं जातं. चांगली 12 व्होल्टची बॅटरी घ्या.

पोलादी तिपाईला मात्र पैकीच्या पैकी. वाऱ्यातही हलत नाही. पाचपैकी साडेतीन तारे. कापलेल्या दीडमधला एक कंट्रोलर आणि पुस्तिकेसाठी, अर्धा त्या फटीसाठी. काल रात्री अभिजित आणि श्रवण हे तारे घेऊन अलाइनमेंट केलं आणि वीणा (लायरा) तारकासमूहातल्या कंकणाकृती तेजोमेघावर जायला सांगितलं. पंचवीस मिलिमीटरच्या आयपीसमध्ये ते इवलंसं धुरकट कडं मध्याच्या जरासं डावीकडे होतं. तासाभराने येऊन पाहिलं, तरी तिथेच.