खेळ सोडायचा की नियम बदलायचे? अमेरिकी कॉलेज फुटबॉल, १९०५-०६

हा फुटबॉल पायांनी खेळायचा नव्हे, चेंडू हातात घेऊन समोरच्या संघात घुसायचा. पंचाची पाठ वळली की ठोसा, आणि चेंडू घेतलेल्या गड्याला सोबत्यांनी मागून ढकलत, पुढून ओढत घुसवायचं. १९०५च्या हंगामात यात पोरं जिवानिशी गेली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं.

कोलंबिया विद्यापीठाने फुटबॉल बंदच केला. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया ही विद्यापीठं १९०६ला रग्बीकडे वळली. हा मार्ग स्वच्छ होता, त्यांच्यापुरता फुटबॉलचा धोका त्याच वर्षी संपला. शिवाय १९२० आणि १९२४ची ऑलिंपिक रग्बी सुवर्णपदकं अमेरिकेने जिंकली, त्यात कॅलिफोर्नियाच्या या मातीचा मोठा वाटा. पण बाकी कॉलेजांतल्या मारामारीवर याचा काय उपयोग?

दुसरा मार्ग नियम बदलण्याचा; किचकट, पण मला तोच धीराचा वाटतो. १९०६ला पुढच्या सोबत्याकडे हाताने चेंडू फेकण्याची मुभा मिळाली. चेंडू आपल्याकडे राखायला तीन प्रयत्नांत पाचऐवजी दहा यार्ड पुढे जायचं ठरलं, म्हणजे नुसत्या रेटारेटीने भागेना. समोरासमोर उभ्या दोन्ही संघांच्या फळ्यांमध्ये चेंडूच्या लांबीएवढी मोकळी जागा आली, त्यामुळे चोरून मारलेला ठोसा पंचाला दिसू लागला. ही छोटी पट्टी मला सगळ्यांत मोलाची वाटते.

तरी सुधारणा अपुरीच होती. झेल कोणालाच न मिळाल्यास दंड इतका कडक, की संघ फेकायला धजत नसत. १९०९ला पुन्हा मृत्यू झाले, तेव्हा कुठे १९१०ला ढकलणं-ओढणं बंद झालं. ती चार वर्षं फार महाग पडली.

कोलंबियाने १९१५ला फुटबॉल पुन्हा सुरू केला, तो या बदललेल्या नियमांनीच.