192.168 ने सुरू होणाऱ्या नंबराला मी भुललो

92,714 रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे 'नक्की किती गेले हो?' असं हळूच विचारायला नको.

मी लोकांचे जीएसटी रिटर्न भरून देतो. वीस वर्षं कम्प्युटरसमोर काढली, लॉटरीच्या मेसेजला कधी भुललो नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण ऐकणारा प्रत्येक जण 'तुम्हीसुद्धा?' म्हणतो. त्या दिवशी 20 तारीख होती. 3बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस, आणि नेट सकाळपासून अडखळत होतं. तेवढ्यात 'इंटरनेट कंपनीतून' फोन.

"काका, तुमचा आयपी ॲड्रेस फुटलाय. त्यावरून कुणीतरी घाणेरडे व्हिडिओ उतरवतंय. उद्या पोलीस तुमच्याच दारात येणार."

मराठी आपल्याकडचीच, स्वच्छ. मी 'कशावरून?' म्हणालो, तर त्याने कम्प्युटरला हुकूम द्यायची काळी खिडकी उघडून 'आयपीकॉन्फिग' टाइप करायला लावलं. त्यात आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कमधला आपल्या कम्प्युटरचा नंबर, दिसतो. "न बघता सांगतो. नंबर 192.168 ने सुरू होतो ना?"

होत होता. 192.168.1.4. माझ्या हातापायातलं बळच गेलं.

'पुढचे आकडे सांग बघू' एवढं जरी म्हटलं असतं ना! नंतर भाचा कपाळाला हात लावून म्हणाला, "मामा, हा नंबर आपल्या राउटरने घरातल्या घरात वाटलेला असतो. शेजाऱ्यांकडेही बहुतेक 192.168च निघेल." म्हणजे ज्योतिषाने 'तुमच्या घराला दार आहे' सांगावं आणि मी दक्षिणा काढावी! बाहेर दिसणारा आयपी वेगळाच. त्यावरून फार तर नेट कोणाचं आणि साधारण कुठल्या भागातलं, एवढं कळतं. नाव-पत्ता फक्त नेट देणाऱ्या कंपनीकडे असतो. आणि मोबाइल डेटावर तर एकेक आयपी कितीतरी गिऱ्हाइकांत मिळून वापरतात.

'आयपी लॉक'चे 4,999 मी माझ्या हाताने भरले. मग 'स्कॅन'साठी स्क्रीन दाखवणारं ॲप कम्प्युटरवर आणि मोबाइलवर टाकायला लावलं. ओटीपी मी सांगितला नाही हो, त्याने तो माझ्याच स्क्रीनवर वाचला! 4 वाजता 49,500 गेले. मी कम्प्युटरची वायर उपटली, पण मोबाइलमधलं ॲप तसंच चालू राहिलं. असं काही झालं तर आधी मोबाइलचं नेट बंद करा, मग बोंबा मारा.

4:10 ला बँकेला फोन केला. 4:25 ला आणखी 38,215 गेले. रिझर्व्ह बँकेचा 2017चा नियम आहे की चूक गिऱ्हाइकाची असली तरी कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. शाखेतले साहेब म्हणतात, तक्रार नंबर 4:40 चा आहे. अहो, मला तीस मिनिटं सनई ऐकवत ठेवलं ते कोणी? लेखी मागितलं की 'वर पाठवलंय'. वर म्हणजे कुठे, ते कोणी सांगत नाही. तीन खेपा झाल्या. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर मी दुसऱ्या दिवशी फोन केला. त्याच तासात करायचा असतो, तेव्हा पुढच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. माझे 11,300 तेवढे अडकलेत, तेही अजून हातात नाहीत.

पोलीस ठाण्यात आधी 'हद्द आमची नाही', मग 'सायबरवाले सोमवारी येतात'. सोमवारी हवालदारांनी विचारलं, "आरोपीचा आयपी ॲड्रेस आणलाय?" मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी मान डोलावत लिहून घेतलं. शिक्का मारलेली प्रत घरी आणून वाचली, तर आरोपीच्या रकान्यात 192.168.1.4.