झटपट शिकण्याचे सल्ले : मोडी शिकताना आलेला अनुभव

लवकर कसे शिकावे आणि मन एकाग्र कसे करावे, हे सांगणाऱ्या पुस्तकांचा व व्हिडिओंचा सध्या सुकाळ आहे. मात्र आपल्याला नेमके काय शिकायचे आहे, हे सल्ला देणारा सहसा विचारत नाही. गेले काही महिने मोडी लिपी शिकताना मी त्यांतले प्रचलित सल्ले नेटाने वापरून पाहिले. या कामी मोडी ही चांगली कसोटी आहे, कारण तिच्यात निव्वळ पाठांतराचा भाग सहज वेगळा काढता येतो आणि पाठांतराने मुळीच न साधणारा भागही तितकाच मोठा आहे.

सर्वाधिक उपयोग झाला तो वाढत्या अंतराने उजळणी करण्याचा. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून विस्मरणाचा वेग मोजला आणि तो १८८५ साली प्रसिद्ध केला. पुढे १९७२ साली सेबास्टियान लाइटनर यांनी प्रश्नोत्तरांची कार्डे आणि खोक्याचे कप्पे यांची सोपी पद्धत मांडली : उत्तर आलेले कार्ड पुढच्या कप्प्यात टाकायचे आणि त्याची उजळणी अधिक उशिरा करायची. आजची अँकीसारखी ॲप त्याच कल्पनेवर चालतात. मुळाक्षरे आणि बाराखडी यांसाठी ती पुरेशी आहेतच, पण खरी परीक्षा झाली ती सुहूर सन या जुन्या कालगणनेच्या वेळी. पेशवेकालीन कागदांत हे साल आकड्यांऐवजी अरबी संख्यावाचक शब्दांत येते. ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे ५, ७०, १०० आणि १००० मिळून ११७५. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७७४-७५ निघते. यांपैकी कोणता आकडा मिळवायचा हे महिन्यावरून ठरते, कारण हे वर्ष मृगाला सुरू होते. असे सुटे, तर्काने न उलगडणारे शब्द कार्डांवर टाकले की डोक्यात पक्के बसतात. तारखेआधीचा ‘छ’ दिसला की आता पुढे हिजरी महिन्याचे नाव येणार हे डोळ्यांना आपोआप कळते.

परंतु कार्डावरचे अक्षर ओळखणे आणि ओळ वाचणे यांत फार मोठे अंतर आहे. मोडीत आधी शिरोरेषा आखून तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जातात, शब्द तोडत नाहीत, विरामचिन्हे नसतात आणि इकार-उकाराचा ऱ्हस्वदीर्घ भेदही पाळला जात नाही. त्यामुळे शब्द कुठे संपला हे अर्थावरूनच ठरवावे लागते, आणि अर्थ लागण्यासाठी त्या काळची पत्रलेखनाची रीत अंगवळणी पडावी लागते. इथे कार्डे निरुपयोगी ठरली आणि दुसरा सल्ला कामी आला : पुन्हा पुन्हा वाचण्याऐवजी स्वतःची परीक्षा घ्यावी. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाच मिनिटांनंतर उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते, तर आठवड्यानंतर आठवून लिहिणारे. मोडी पत्राशेजारी छापील लिप्यंतर उघडे असले की सगळेच वाचता येते असे वाटते. तेच लिप्यंतर झाकून ओळ देवनागरीत उतरवायला घेतली की तिसऱ्याच शब्दाला अडायला होते. हे अडणे कंटाळवाणे असते, पण प्रगती त्यातूनच झाली. शिवाय एकाच कारकुनाची पत्रे सलग न वाचता निरनिराळी हस्ताक्षरे आलटून पालटून घेतल्यावर वेग मंदावला, मात्र अनोळखी कागद हाती आला तरी धीर सुटेनासा झाला.

फ्रान्चेस्को चिरिल्लो यांच्या टोमॅटोच्या आकाराच्या घड्याळावरून नाव पडलेल्या पोमोदोरो पद्धतीविषयी माझे मत संमिश्र आहे. २५ मिनिटे काम आणि ५ मिनिटे विश्रांती हा हिशेब अक्षरे गिरवण्यासाठी उत्तम आहे. पत्र वाचताना मात्र लिहिणाऱ्याच्या हाताचे वळण नजरेत बसायलाच पहिली पंधरा-वीस मिनिटे जातात आणि जरा सूर लागतो तोच घंटा वाजते. त्यापेक्षा ‘एक बैठक, एक पत्र’ हा नियम मला मानवला. फोन दुसऱ्या खोलीत ठेवण्याचा सल्ला अगदी साधा, फुकट आणि तरीही प्रभावी आहे. मोडीच्या प्रतिमा फोनवरच उघडणाऱ्यांना तो पाळता येत नाही, म्हणून मी त्या छापून घेतल्या. कागदावर पेन्सिलीने शब्द तोडता येतात, हा वरचा लाभ.

वेगवाचनाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. वेग वाढला की आकलन घटते, असा निष्कर्ष मानसशास्त्रज्ञ कीथ रेनर व सहकाऱ्यांनी २०१६ साली संशोधनाचा आढावा घेऊन काढला होता; इथे तर एका ओळीवर अर्धा तास जातो. कोणी पाहून तर कोणी ऐकून उत्तम शिकतो, हा समजही सोडून दिलेला बरा. त्याला पुरेसा पुरावा नसल्याचे २००८ सालच्या आढाव्यात आढळले होते, आणि लिपी डोळ्यांना टाळून शिकताही येत नाही. २१ दिवसांत सवय लागते, हे सुभाषितही त्याच माळेतले. लंडनमधील २०१० सालच्या अभ्यासात सवय जडण्याचा अंदाजित काळ १८ ते २५४ दिवस इतका भिन्न निघाला.

याच सल्ल्यांचे महागडे वर्गही निघाले आहेत, परंतु वर सांगितलेल्यांपैकी उपयुक्त ठरलेल्या एकाही गोष्टीसाठी वर्ग लावण्याची आवश्यकता नाही. अँकी संगणकावर आणि अँड्रॉइडवर विनामूल्य मिळते, आयफोनवर मात्र विकत घ्यावे लागते. कार्डे तयार घेण्यापेक्षा स्वतः वाचलेल्या कागदांतून बनवावीत आणि अक्षर सुटे न ठेवता त्याच्या मागचापुढचा शब्दही कार्डावर घ्यावा.